कोऱ्या ताटल्यांचं मैदान

एनॉक बार्डस्ली पहिल्यांदा फावडं घेऊन मैदानावर गेला तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता, आणि बेसबॉलचा एकही सामना त्याने शेवटपर्यंत पाहिला नव्हता. सत्तावीस वर्षं त्याने मार्लो लँडिंगच्या भांड्यांच्या कारखान्यात माती तयार केली. माती पाण्यात कालवायची, बारीक जाळीतून गाळायची, पाणी दाबून काढायचं, मग यंत्रात मळायची. त्याच्या हाताखालून गेलेल्या मातीत खडा सापडला, असं सत्तावीस वर्षांत दोनदा झालं. दोन्ही तारखा त्याला पाठ होत्या.

१९३१च्या ऑक्टोबरात कारखान्याच्या सहाही भट्ट्या विझल्या. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं मालकाने फाटकावर लिहून लावलं आणि तो क्लीव्हलँडला निघून गेला. पावसाने तो कागद गळून पडेपर्यंत गावातले लोक येता-जाता वाचत राहिले.

कारखाना गेला, पण संघ राहिला. मार्लो पॉटर्स हा सहा गावांच्या लीगमधला संघ. बेसबॉलच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी म्हणावी अशी ती लीग. न्हावी, औषधवाला आणि मेथडिस्ट पाद्री या तिघांनी संघ चालवायला घेतला. खेळाडू गावातल्या घरांत दोन-दोन करून राहत आणि त्या घरात जे शिजेल ते खात. दुसऱ्या गावी जायच्या बसचं दार दोरीने बांधलेलं असे. हाताला काम नसलेल्या माणसाला दुपार फार मोठी वाटते, त्यामुळे सामन्यांना गर्दी होई. ज्याच्याकडे तिकिटाला नाणं नसे तो टोमॅटो किंवा कोळशाची बादली घेऊन येई. तेच मग खेळाडूंच्या पोटात आणि चुलीत जाई.

मैदान सांभाळायला माणूस हवा होता. मातीतलं कळतं म्हणून पाद्र्याने एनॉकला विचारलं. एनॉक दोन दिवस मैदानावर नुसता फिरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला की गवताचं मला काही कळत नाही, पण चार बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांच्या, चौकोनातली माती लाज वाटावी अशी आहे.

पुढची पाच वर्षं तो सकाळी सहाला मैदानावर असे. जड रूळ ओढायचा, पाणी मारायचं, खिळ्यांच्या बुटांनी पडलेली भोकं एकेक करून भरायची. संघाचा मॅनेजर लाउडन प्रूइट हा केंटकीचा माणूस. छत्तीस वर्षांचा, गुडघे कामातून गेलेले, तरी यष्टिरक्षकासारखं होम या शेवटच्या बेसच्या मागे बसून चेंडू झेलायचं काम तोच करी. तो एनॉकला म्हातारबा म्हणे, आणि एनॉक त्याला कप्तान. दोघांचं बोलणं बहुतेक मातीबद्दल असे.

१९३६च्या मार्चमध्ये ओहायो नदी गावात आली. मैदान नऊ दिवस पाण्याखाली होतं, लोक टेकडीवरच्या चर्चमध्ये. पाणी ओसरलं तेव्हा चौकोनावर चार इंच गाळ बसलेला, राखाडी आणि वाळूमिश्रित. प्रूइट म्हणाला की वरून रूळ फिरवू आणि खेळू. एनॉकने ऐकलं नाही. त्याने खेळाडूंना फावडी दिली आणि तीन आठवड्यांत तो गाळ तळापासून खरवडून कुंपणापलीकडे टाकला. लोकांनी तो बागांसाठी नेला. मग कारखान्याच्या माती-घरातून, ज्याची किल्ली अजून एनॉककडे होती, त्याने उरलीसुरली गाळलेली माती आणली आणि हाताने पसरली. एप्रिलच्या अखेरीस चौकोन असा झाला होता की त्यावर पेन्सिलने लिहावं. त्यात वाळूचा कण नव्हता. गाव बघायला आलं. एनॉकने कुणालाही कडेच्या आत पाय ठेवू दिला नाही.

मे महिन्यात एका पावसाने सामना वाहून गेला. जूनमध्ये दुसरा गेला. ऑगस्टमध्ये पाऊस सकाळीच थांबला, तरी दुपारी चौकोनावर पाणी उभं होतं. तिसरा सामना गेला. त्याच आठवड्यात लीगच्या अध्यक्षांचं पत्र आलं. न्हाव्याने ते दुकानात मोठ्याने वाचलं. मार्लोचं मैदान खेळण्याजोगं नसतं असं दिसतं, नदीपलीकडचं एक गाव लीगमध्ये यायला तयार आहे, तिथे विजेचे दिवेही आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा, कामगार दिनाचा सामना मार्लोला होणार आहे. तोही बुडाला तर पुढच्या वर्षी मार्लोची जागा त्या गावाला.

रविवारी दिवसभर पाऊस पडला. सोमवारी पहाटे थांबला.

सकाळी सातला प्रूइट आणि एनॉक दुसऱ्या बेसजवळ उभे होते. बूट घोट्यापर्यंत आत गेले होते. अडीच वाजता सामना होता, आणि दोन वाजता पंच मैदान बघणार होता. प्रूइटने गॅरेजमधून पेट्रोलचं पिंप आणवून ठेवलं होतं.

"ओतू आणि काडी लावू, म्हातारबा," तो म्हणाला. "लीगमधल्या व्हिटकॉम्बवाल्यांनी गेल्या वर्षी तेच केलं."

"तिसऱ्या डावात काय झालं त्यांचं?"

प्रूइटने एक बूट चिखलातून ओढून काढला.

"वरून भाजली की पापुद्रा धरते," एनॉक म्हणाला. "खाली चिखल तसाच. तुझ्या पोरांच्या बुटांना खिळे आहेत."

"मग तू सांग काय करायचं. मातीतलं तुलाच कळतं ना? एप्रिलपासून ऐकतोय."

एनॉकने वाकून मूठभर माती घेतली आणि दाबली. बोटांच्या फटींतून ती लोण्यासारखी बाहेर आली. तळहातावर कण राहिला नाही. त्याने कुंपणाकडे पाहिलं. एप्रिलमध्ये गाळाचा ढीग जिथे पडून होता तिथे आता बोटभर थर उरला होता, आणि तिथे पाणी नव्हतं. जमीन फिकी पडायला लागली होती.

कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. वाळू पाण्याला वाट देते, आणि नदीने ती फुकट आणून टाकली होती. ताटलीसाठी जी माती उत्तम, तीच मैदानासाठीही उत्तम, असं फक्त भांडीवाल्यालाच वाटू शकतं. त्याने तीन आठवडे घाम गाळून मैदान बिघडवलं होतं.

"गाळ काढायला नको होता," तो म्हणाला.

"आता काय उपयोग?"

"उपयोग नाही. सांगितलं एवढंच."

ओली वाळू आता आणून घालण्यात अर्थ नव्हता. पाणी पिणारं काहीतरी हवं होतं, तेही कोरडं. भुसा मिळाला असता, पण लाकडाची गिरणी जूनमध्ये बंद पडली होती. एनॉकने हात पँटला पुसले, प्रूइटला रूळ बाहेर काढून ठेवायला सांगितलं आणि तो टेकडीकडे चालू लागला.

आयडा मॅचिन टेकडीवर राहायची. साठीची विधवा. कारखान्यात ती कोठीची मुकादम होती. एकदा भाजलेली पण अजून झिलई न चढलेली कोरी ताटली तिच्याकडे येई. ती बोटाच्या पेराने ताटली वाजवी आणि आवाजावरून पहिल्या प्रतीची की दुय्यम ते ठरवी. कारखाना बंद झाला त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या त्या कोठीत अशा कोऱ्या ताटल्यांचे रॅक छतापर्यंत भरलेले होते. मालक जाताना कोठीची किल्ली तिला देऊन गेला आणि लक्ष ठेव म्हणाला. तेव्हापासून दर शुक्रवारी नऊला ती ब्रश घेऊन कोठीत जाई आणि रॅकवरची धूळ झाडी. भट्ट्या पेटल्या की त्यांवर लगेच झिलई चढवता येईल, पहिली मागणी आठवड्यात भरता येईल, असं ती सांगायची. गावातल्या निम्म्या लोकांचा त्यावर विश्वास होता. उरलेल्यांनी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं.

कोरी ताटली जिभेला लावली तर चिकटते. तिला इतकी तहान असते. पाच वर्षं छपराखाली कोरड्या राहिलेल्या ताटलीची तहान किती असेल, ते एनॉकला माहीत होतं.

आयडा दारात ओटची धिरडी खात उभी होती. त्याने काय हवं ते सांगितलं.

"किती?" तिने विचारलं.

"साडेतीनशे डझन. बारीक करून. तिन्ही बेस, होम, आणि मधल्या वाटा."

"साडेतीनशे डझन चांगल्या ताटल्या. चेंडू खेळायला."

"पाणी प्यायला."

"माती तू कालवलीस म्हणून ताटली तुझी झाली होय रे? वीस जणांच्या हातांतून जाते ती." तिने उरलेलं धिरडं कागदात गुंडाळलं. "भट्टी पेटल्यावर मालकाला काय सांगू? प्रूइटच्या टोळीने खाल्ल्या म्हणून?"

एनॉकने टोपी काढली आणि हातात फिरवली.

"आयडा, माती मळायचं यंत्र नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"मालकानेच नेलं असणार. पुराच्या आठवड्यात, आपण सगळे चर्चमध्ये होतो तेव्हा. नदीकडच्या दाराने, मालवाहू बार्जवर घालून. पंप, पट्टे, दाबयंत्रं, सगळं. एप्रिलमध्ये माती आणायला गेलो तेव्हा पाहिलं. फरशीतले बोल्ट तेवढे उरलेत."

आयडाने गुंडाळलेलं धिरडं उंबऱ्यावर ठेवलं.

"एप्रिलमध्ये पाहिलंस."

"हो."

"आणि आज सप्टेंबर." तिने मनात मोजलं. "बावीस शुक्रवार झाले. मी खिडकीत धूळ झाडायचे आणि तू खालून जाताना टोपी काढायचास."

एनॉकची टोपी हातातच राहिली.

आयडा आत गेली आणि दार लागलं. तो पायरीवर थांबला. चर्चच्या घड्याळात साडेआठचा ठोका पडला. मग दार उघडलं. तिने कामावरचा एप्रन बांधला होता, डोक्याला रुमाल होता, हातात किल्ली होती.

"आधी दुय्यम माल," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत पहिल्या प्रतीला कुणी हात लावायचा नाही. आणि तू माझ्याशी बोलू नकोस."

खेळाडूंनी घरोघरी जाऊन लोक उठवले. नऊपर्यंत कारखान्याच्या विटांच्या अंगणात साठेक माणसं जमली. रूळ मैदानावरून अर्धा मैल ओढत आणला तो दहा खेळाडूंनी. वाटेवर पोर्चमध्ये बसलेले म्हातारे विचारत होते की यांना चारा काय घालता, आणि शॉर्टस्टॉप वोयचिक, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा गडी, दर वेळी बैलासारखा हंबरत होता.

कोठीत आयडाने एकेक ताटली वाजवून वेगळी केली. कुणीतरी म्हणालं की बाई, फोडायच्याच आहेत तर वाजवता कशाला. तिने मान वर केली नाही. बद्द आवाजाच्या ताटल्या डाव्या बाजूला, खणखणीत उजव्या बाजूला. डावीकडच्या टोपल्या अंगणात जात होत्या, फरशीवर पसरल्या जात होत्या, आणि त्यांवरून रूळ फिरत होता. पांढरी पूड लोकांच्या पापण्यांवर बसली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपड्यांना कारखान्याचा वास येत होता.

अकरा वाजता दुय्यम माल संपला. दीडशे डझन भरला होता. टोपलीवाले दारात उभे राहिले. आयडाने उजवीकडची सगळ्यात वरची ताटली उचलली, एकदा वाजवली आणि ऐकली. मग टोपलीत ठेवली.

"घ्या," ती म्हणाली, आणि पुढची घेतली.

ज्यांनी त्या ताटल्या साच्यावर थापल्या होत्या त्यांतले सात-आठ जण अंगणात होते. एकाने ताटली उलटी करून मागची खूण पाहिली आणि ती फरशीवर इतरांत ठेवून दिली. रूळ थांबला नाही.

मैदानावर एनॉक दोन चाळण्या घेऊन बसला होता. आलेली पूड तो आधी मोठ्या चाळणीतून काढी, मग बारीक चाळणीतून. वर राहिलेले टवके परत अंगणात जात. चाळलेली पूड चिखलावर अर्धा इंच पसरायची, दाताळ्याने आत घोळायची, पंधरा मिनिटं थांबायचं, आणि परत अर्धा इंच. पहिला थर घातल्या घातल्या काळा पडला. दुसरा राखाडी झाला. बेसपासून बेसपर्यंत तो गुडघ्यांवर सरकत होता. प्रत्येक हातभर जागेवर तो बाही वर करून उघडं कोपर घासत होता. खेळाडू तिथे अंग टाकून घसरणार होते.

एक वाजता प्रूइट घड्याळ बघत आला. दुसऱ्या बेसची निम्मी जागा बाकी होती आणि चार ढकलगाड्या न चाळता उभ्या होत्या.

"तशीच ओत," तो म्हणाला. "वेळ नाही."

"चाळायची आहे."

"अरे एक तास राहिला, म्हातारबा."

"मग उभा काय राहतोस? ती चाळणी धर."

प्रूइटने चाळणी धरली. गुडघे सामन्यासाठी राखायचे होते म्हणून तो चिखलात फतकल मारून बसला. वोयचिकही आला. तिघांनी मिळून चारही गाड्या चाळल्या. एनॉकचं कोपर तोवर सोलून निघालं होतं. ते टवक्यांनी कापून नव्हे, घासून घासून.

दोनला पाच मिनिटं कमी असताना पंच आला. टॉलिव्हर त्याचं नाव, उंच आणि कंटाळलेला. त्याच्या बगलेत लीगच्या पत्राची प्रत होती. पंचांची मैदान बघायची एक रीत असते. टाचेने जोर द्यायचा, पाय उचलायचा आणि खळग्यात पाणी येतं का ते बघायचं. टॉलिव्हरने होमजवळ टाच दाबली. खळगा कोरडा राहिला. पहिल्या बेसला दाबली, तिसऱ्याला दाबली. कुंपणापाशी सगळं गाव उभं होतं. दुसऱ्या बेसला त्याने टाच दाबून दोनदा फिरवली, पाय उचलला आणि खिशातून घड्याळ काढून बघत बसला. एनॉकनेही तो खळगा पाहिला. कडेला ओल आली, तळाशी जमू लागली, आणि पुडीत शिरून दिसेनाशी झाली.

टॉलिव्हरने बुटाचा तळवा उलटा करून पाहिला. तो पांढरा झाला होता.

"हे काय आहे?"

"ताटल्या," एनॉक म्हणाला.

टॉलिव्हरने घड्याळ आत ठेवलं. "खेळा," तो म्हणाला.

पॉटर्स तो सामना हरले, सहा-दोन. पाचव्या डावात सरळ वोयचिककडे आलेला साधा घरंगळता चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून गेला आणि त्यात तिघे धावून होमला पोचले. पांढऱ्या जमिनीवर पांढरा चेंडू त्याला दिसलाच नव्हता. एनॉकने याचा विचार केला नव्हता. कुणीच केला नव्हता. वोयचिक बाकावर येऊन म्हणाला की पुढच्या वेळी जरा काळ्या ताटल्या भाजा, आणि बाक हसला. पण नऊही डाव खेळले गेले, आणि घसरून कुणाला खरचटलं नाही. ऑक्टोबरमध्ये लीगचं दुसरं पत्र आलं. तेही न्हाव्याने दुकानात वाचलं. जागा राहिली.

सामन्यानंतरच्या शुक्रवारी एनॉक दुसऱ्या बेसजवळ भोकं भरत होता. नऊ वाजले होते. फाटक वाजलं. आयडा ब्रश घेऊन उभी होती. सोमवारपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"कोठीत अजून साठ रॅक आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पुरतील किती वर्षं?"

एनॉकने चौकोनाकडे पाहिलं आणि हिशेब केला. त्याने उगाच वाढवून सांगितलं नाही. "दर वसंतात थोडी थोडी घातली तर सहा."

"मग वाजवून ठेवायला हव्यात. दुय्यम आधी." ती कडेपर्यंत आली आणि थांबली. त्या कडेच्या आत त्याने कुणालाही पाय ठेवू दिला नव्हता.

एनॉक सरकला आणि बारीक चाळणी तिच्या बाजूला ठेवली.

"एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," आयडा म्हणाली. "हवं होतं." तिने चाळणी उचलली, उजेडात धरून जाळी तपासली, कोपऱ्यात एक तार सुटली होती ती त्याला दाखवली, आणि बूट पुसून आत आली.

त्याचा हिशेब बरोबर निघाला. साठावा रॅक १९४२च्या वसंतात संपला. त्याच उन्हाळ्यात युद्धामुळे लीग बंद पडली, आणि त्या कामगार दिनापासून तोवर मार्लोच्या मैदानावर पावसाने एकही सामना बुडाला नव्हता. एनॉकने फावडी धुऊन, तेल लावून शेडमध्ये टांगली आणि किल्ली पाद्र्याला नेऊन दिली. चाळण्या मात्र त्याने आयडाकडे ठेवल्या.